तीन मीटर लांबीची घरगुती मत्स्यटाकी: बांधकाम सुरू होण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

निळाकाठ

नमस्कार. आमच्या घराचे नूतनीकरण लवकरच सुरू होत आहे आणि बैठकीच्या खोलीत एका भिंतीलगत मोठी मत्स्यटाकी बसवण्याची माझी अनेक वर्षांची इच्छा या निमित्ताने पूर्ण करावी असे वाटते. गोड्या पाण्यातले मासे मी पूर्वीपासून पाळत आलो आहे, परंतु माझी आजवरची सर्वांत मोठी टाकी ४०० लिटरच्या आतली आहे. या वेळी मनात असलेली टाकी ३०० सेंटीमीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर उंच, म्हणजे काठोकाठ भरल्यास २०२५ लिटरची आहे. खोली पहिल्या मजल्यावर असून तिच्या खालीही राहती खोली आहे. सध्या जुनी फरशी उखडलेली आहे आणि नळ, सांडपाणी व वीज यांच्या वाहिन्या अजून टाकायच्या आहेत, त्यामुळे काही बदल करायचे असतील तर ते आत्ताच करता येतील.

मला चार गोष्टींबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे. स्लॅब हा भार पेलेल का आणि ते कोणाला विचारावे? टाकी काचेची करावी की ॲक्रिलिकची? मोठे कॅनिस्टर फिल्टर (पाणी गाळणारा बंद डबा) लावून भागेल की टाकीच्या खाली सम्प, म्हणजे पाणी गाळून पंपाने वर पाठवणारी दुसरी उघडी टाकी, करणे आवश्यक आहे? आणि टाकी एकदा भरल्यावर ज्या गोष्टी बदलताच येत नाहीत, त्या कोणत्या? माशांमध्ये एक अरोवाना आणि एक लाल शेपटीचा कॅटफिश सोबत ठेवावा असा विचार आहे.

तुळई_आणि_स्तंभ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे तीन प्रश्न हातात घेण्यात अर्थ नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. इमारतींच्या संरचनेची गणिते करणे हे माझे रोजचे काम आहे. तरीही माझे हे लिखाण म्हणजे परवानगी नव्हे. तुमच्या इमारतीची संरचनात्मक रेखाटने पाहून आणि जागेवर येऊन तपासणी करूनच स्ट्रक्चरल इंजिनिअर याचे उत्तर देऊ शकतो. गवंडी, ठेकेदार किंवा टाकी बनवणारा कारागीर यांचे मत या एका बाबतीत पुरेसे नाही.

आधी वजन मांडू. पाण्याचे एका लिटरला एक किलो, म्हणजे सुमारे दोन टन. काचेचे वजन दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असते. तुमच्या मापाला पाचही बाजू मिळून ९ चौरस मीटर काच लागेल आणि ती १९ मिलिमीटर जाडीची धरली, तर एकट्या काचेचेच वजन ४२५ किलोंच्या पुढे जाते. त्यात लोखंडी स्टँड, वाळू, दगड आणि खालच्या टाकीतले पाणी मिळवले की एकूण आकडा तीन टनांच्या आसपास पोचतो. हे तीन टन जेमतेम सव्वादोन चौरस मीटर जागेवर उभे राहणार आहेत. म्हणजे दर चौरस मीटरला १३०० किलोंहून अधिक. राहत्या खोल्यांचे स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, गृहीत धरून आखलेले असतात.

या दोन आकड्यांची थेट तुलना करून घाबरून जाणे जसे योग्य नाही, तसेच खोलीचे सगळे क्षेत्रफळ २०० ने गुणून ‘एवढा भार तर चालतोच’ असे समाधान करून घेणेही योग्य नाही. भार कोठे आहे यावर सर्व काही अवलंबून असते. स्लॅबच्या मधोमध ठेवलेली टाकी आणि तुळईच्या अगदी वर ठेवलेली टाकी यांत संरचनेच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. भिंतीलगत ठेवणार आहात हे ऐकायला बरे वाटते, पण भिंत आहे म्हणजे तिच्याखाली तुळई आहेच असे नाही. अनेक आतल्या भिंती केवळ आडोशाच्या असतात आणि त्यांचेच वजन स्लॅब वाहत असतो. स्लॅबमधील मुख्य सळया कोणत्या दिशेने गेल्या आहेत, तुळया आणि स्तंभ कोठे आहेत आणि इमारतीत नंतर काही फेरफार झाले आहेत का, हे रेखाटनांवरून पाहावे लागेल.

‘समारंभात याच खोलीत चाळीस माणसे उभी राहतात, तेव्हा कोठे काय होते?’ हा युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. चाळीस माणसांचे वजनही तीन टनांच्या जवळपास जाते, हे खरे आहे. पण ती माणसे खोलीभर पसरलेली असतात आणि काही तासांनी घरी जातात. सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहते आणि पहिल्या दिवशी दिसलेल्या वाकात पुढच्या काही वर्षांत तितकीच किंवा त्याहूनही अधिक भर पडू शकते. टाकी तर वर्षानुवर्षे जागची हलणार नाही.

मार्ग असतात. दोन तुळयांवर टेकणारी लोखंडी चौकट करून स्लॅबला जवळजवळ वगळता येते, किंवा खालच्या खोलीच्या छतालगत आधाराची लोखंडी तुळई देता येते. टाकी तळमजल्यावर नेणे शक्य असेल, तर मी सर्वप्रथम तोच पर्याय तपासेन. मात्र तेथेही जमिनीखालची भर नीट दाबलेली आहे का हे पाहावेच लागेल, कारण सैल भर एका बाजूने खचली तर टाकी तिरकी होते.

वाहते_पाणी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी सम्प आणि पाण्याच्या वाटांबद्दल लिहितो, कारण मोठ्या टाक्यांमध्ये घर भिजवणारे बहुतेक प्रसंग काच फुटल्याने नव्हे, तर पाणी वाहते ठेवण्याच्या व्यवस्थेतील त्रुटींमुळे घडतात.

दोन हजार लिटरसाठी माझे मत निःसंदिग्धपणे सम्पच्या बाजूने आहे. त्यात गाळण्याचे साहित्य कितीतरी जास्त मावते, हीटर आणि नळ्या मुख्य टाकीत दिसत नाहीत, बाष्पीभवनाने होणारी घट फक्त खाली दिसते, आणि वीज गेली तरी उघड्या सम्पमधील उपयुक्त जिवाणूंना हवा मिळत राहते. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबले की काही तासांतच प्राणवायू संपत जातो.

परंतु सम्पचे माप ‘जागेत बसेल तेवढे’ असे ठरवू नका. ते दोन प्रसंगांवरून ठरते. पहिला प्रसंग वीज जाण्याचा. पंप थांबताच मुख्य टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जेथून ते सम्पकडे सांडते त्या जागेच्या, काठापर्यंत आणि परतीच्या (पंपाचे पाणी वर आणणाऱ्या) नळीच्या तोंडापर्यंत खाली उतरते. तुमच्या टाकीच्या पृष्ठभागावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेबावीस लिटर. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात चार सेंटीमीटर बुडालेले असेल, तर वीज जाताच ९० लिटर पाणी खाली येणार आणि तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये सदैव राखलेली असली पाहिजे. अनेक जण परतीच्या नळीवर एकमार्गी व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होतात. त्या व्हॉल्व्हमध्ये शेवाळ किंवा गोगलगाय अडकली की तो पूर्ण बंद होत नाही, म्हणून तो नाहीच असे समजून हिशोब करावा.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. खाली येणाऱ्या नळ्या तुंबल्या आणि पंप मात्र चालूच राहिला, तर सम्पच्या शेवटच्या कप्प्यातील सगळे पाणी पंप वर ढकलेल. तेवढे पाणी मुख्य टाकीच्या वरच्या मोकळ्या काठात मावले पाहिजे. तीन सेंटीमीटर काठ मोकळा असेल तर वर ६७ लिटरच मावतील. म्हणून पंपाचा कप्पा त्याहून लहान ठेवावा. हे दोन हिशोब जमले की या दोन प्रसंगांत पाणी टाकीबाहेर जात नाही, मग घरात कोणी असो वा नसो.

खाली येणाऱ्या नळ्या तीन ठेवाव्यात. पहिली पूर्ण भरून, आवाज न करता वाहते आणि तिचा प्रवाह व्हॉल्व्हने नेमका केलेला असतो. दुसरीतून थोडेसेच पाणी झिरपते. तिसरी कायम कोरडी असते आणि पहिल्या दोन तुंबल्या तरच कामाला येते. तिसऱ्या नळीवर व्हॉल्व्ह मुळीच बसवू नये. या सर्वांसाठीची भोके टाकी जोडण्यापूर्वीच काचेत पाडून घ्यावी लागतात. भोके असलेली काच कडक प्रक्रिया केलेली, म्हणजे टफन्ड, हवी असल्यास भोके त्या प्रक्रियेच्या आधीच पाडावी लागतात. नंतर प्रयत्न केल्यास संपूर्ण काचेचे तुकडे होतात.

एका मोठ्या पंपाऐवजी दोन मध्यम पंप घ्या, म्हणजे एक बंद पडला तरी टाकी तगून राहते. हीटरचेही तसेच. एकच शक्तिशाली हीटर चालू स्थितीत अडकला तर तो पाणी तापवत राहील. तीन लहान हीटरांपैकी एक अडकला तर तुमच्या लक्षात येण्याइतका वेळ मिळतो. विजेचे सर्व जोड सम्पच्या वर नकोत, शेजारच्या वेगळ्या कोरड्या कप्प्यात असावेत. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब झोळातच गळतील. टाकीसाठी स्वतंत्र सर्किट, खात्रीचे अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून तुटणारा ब्रेकर यांत काटकसर करू नये.

निळाकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. स्ट्रक्चरल इंजिनिअरना रेखाटने दाखवण्याचे ठरवले आहे. पाणी बदलण्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. लहान टाकीसाठी मी बादल्या वापरतो, येथे ते अशक्य दिसते. काच आणि ॲक्रिलिकबद्दलही कृपया कोणी लिहावे.

काचकाम

मी मोठ्या टाक्या जोडण्याचे आणि बसवण्याचे काम करतो. साहित्यापूर्वी मापाबद्दल आग्रहाने सांगायचे आहे. तुमची रुंदी आणि उंची यांची अदलाबदल करा: ९० सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर उंच. पाणी तेवढेच, २०२५ लिटर. पण काचेवरचा जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. तीन मीटर लांबीच्या पुढच्या काचेवर ९० सेंटीमीटर पाणी सुमारे १२०० किलो वजनाइतका जोर लावते, तर ७५ सेंटीमीटर पाणी सुमारे ८४० किलो वजनाइतका. भारही सव्वादोनऐवजी २.७ चौरस मीटरवर पसरेल, ज्याने इंजिनिअरचे काम थोडे सोपे होईल. (वरच्या उत्तरातील साडेबावीस लिटरचा आकडा मात्र मग २७ होईल, सम्पचे माप त्यानुसार वाढवा.)

दुसरे कारण हाताचे आहे. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात बहुतेकांचा ७० सेंटीमीटरच्या आसपास असतो. ९० सेंटीमीटर खोल टाकीच्या तळाशी कलंडलेला दगड उचलायचा झाला तर डोके पाण्यात घालावे लागेल. ज्या टाकीच्या तळापर्यंत मालकाचा हात पोचत नाही, ती टाकी काही महिन्यांत अस्वच्छ होते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्याच कारणाने टाकीच्या वर छतापर्यंत किमान ६० सेंटीमीटर मोकळी जागा असावी आणि मागे माणूस आडवा शिरू शकेल एवढे अंतर सोडावे. भिंतीला टेकवलेल्या टाकीच्या मागचा जोड पाझरू लागला तर दुरुस्तीसाठी सगळी टाकी रिकामी करण्यावाचून पर्याय राहत नाही.

आता साहित्य. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, आघात चांगला सोसते आणि खूप जाड झाले तरी हिरवट दिसत नाही. मात्र त्यावर ओरखडे फार लवकर उठतात. शेवाळ पुसताना चुंबकी घासणीखाली वाळूचा एक कण आला तरी पुरतो. त्याला तळाखाली सलग सपाट आधार लागतो आणि जोडकाम अत्यंत कुशल हातांचे असावे लागते. बर्लिनमध्ये सुमारे १० लाख लिटर पाण्याचे दंडगोलाकार ॲक्रिलिक मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी फुटले, तेव्हा आत सुमारे १५०० मासे होते. नंतरच्या तज्ज्ञ तपासणीतही कारण निर्विवादपणे निश्चित होऊ शकले नाही. घरगुती टाकीची त्याच्याशी तुलना करू नये, परंतु साहित्य कोणतेही असले तरी जोडांची वेळोवेळी पाहणी करत राहावी, एवढे त्यावरून नक्की घ्यावे. ७५ सेंटीमीटर उंचीला मी काचच सुचवेन. पुढची बाजू कमी लोहाच्या काचेची घ्या, म्हणजे माशांचे रंग खरे दिसतील. जाडी किती हे बनवणाऱ्याने सुरक्षा गुणांकासह, म्हणजे गरजेच्या किती पट ताकद धरली आहे त्यासह, लेखी द्यावे आणि वरच्या कडांना काचेच्या आडव्या पट्ट्यांचा आधार असावाच.

तीन मीटरची तयार टाकी दारातून, जिन्यातून आणि वळणावरून आत येईल का, हे आजच मोजा. येणार नसेल तर काचा सुट्या आणून जागेवर जोडाव्या लागतात. तेव्हा खोलीत धूळ उडवणारे कोणतेही काम चालू नसावे, कारण धुळीवर सिलिकॉन धरत नाही. बुरशीरोधक द्रव्य मिसळलेले न्हाणीघराचे सिलिकॉन माशांना घातक असते. जोडल्यानंतर एक ते दोन आठवडे टाकीला हात लावू नये.

स्टँडचे पाय थेट फरशीवर नकोत. आठ पाय धरले तरी प्रत्येकावर पावणेचारशे किलो येतात आणि फरशीखाली पोकळी राहिली असेल तर ती हमखास तडकते. पायांखाली जाड लोखंडी पट्ट्या द्या किंवा तळाची चौकटच सलग ठेवा. स्टँड पाण्याच्या लेव्हल ट्यूबने तपासा. समतलासाठी पट्ट्या घालायच्या त्या स्टँड आणि जमीन यांच्यामध्ये, काच आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही नाही. भरताना एक चतुर्थांश भरून थांबा, लेव्हल पाहा, मग अर्धी भरा, पुन्हा पाहा. पूर्ण भरलेली टाकी वाळू-दगड न घालता निदान आठवडाभर तशीच ठेवा, आणि त्याच काळात वीज बंद करून व नंतर नळ्या मुद्दाम बंद करून सम्पबद्दल आधीच्या उत्तरात सांगितलेल्या दोन्ही प्रसंगांची परीक्षा घ्या.

तळ्याकाठी

पाणी बदलण्याबद्दल: दर वेळी चौथा भाग बदलला तरी तो ५०० लिटर होतो. फरशी बसण्यापूर्वी टाकीच्या मागे एक नळ आणि एक सांडपाण्याचे तोंड घ्या, आणि सम्पमधून त्या तोंडात जाणारी व्हॉल्व्हची नळी ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि काही ठिकाणी क्लोरामाइन. साठवून ठेवल्याने क्लोरीन उडून जाते, क्लोरामाइन सहजी जात नाही, त्यामुळे तुमच्या पाण्यात काय आहे हे आधी विचारून घ्या. रोजच्या बाष्पीभवनाची भर आपोआप घालणारे यंत्र लावणार असाल तर ते नळाला थेट जोडू नका. त्याला वेगळे लहान पिंप द्या, म्हणजे तरंगता गोळा अडकला तरी पिंपापुरतेच पाणी येईल. पाण्याची पातळी दिवसाला अर्धा सेंटीमीटर उतरली तरी १३ लिटरहून अधिक वाफ खोलीत मिसळते. झाकण आणि हवा बाहेर काढणारा पंखा दोन्ही हवेत, नाहीतर भिंतींना बुरशी धरेल.

आता माशांबद्दल, आणि येथे मला तुमच्या निवडीला स्पष्ट विरोध करायचा आहे. लाल शेपटीचा कॅटफिश बोटभर असतानाच विकला जातो, पण तो एक मीटरहून लांब होतो. ९० सेंटीमीटर रुंदीतही त्याला सरळ वळता येणार नाही आणि तोंडात मावेल तो प्रत्येक सोबती तो गिळेल. चंदेरी अरोवानासुद्धा ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि उत्तम उडी मारतो. माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीहून टाकीची रुंदी कमी असता कामा नये, हा मी किमान नियम मानतो. मोठी टाकी म्हणजे मोठा मासा, हे समीकरण सोडून दिले तर तुमच्या टाकीत खरे वैभव येऊ शकते. काँगो टेट्राचा मोठा थवा तीन मीटर सलग पोहताना पाहणे लहान टाकीत कधीच शक्य नसते. बारीक वाळू घातली तर जिओफेगस जातीचे मासे ती दिवसभर तोंडाने चाळत राहतात. वरच्या थरात एंजलफिश शोभतील, मात्र ते लहान टेट्रा खातात, म्हणून सोबती आकाराने मोठे निवडावेत.

नायट्रोजन चक्र, म्हणजे माशांपासून तयार होणारा विषारी अमोनिया जिवाणूंकडून कमी घातक करून घेण्याची क्रिया, मासे न घालता सुरू करा. लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया घालून, तो आणि त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर येईपर्यंत थांबावे लागते. साधारणतः चार ते सहा आठवडे, कधी अधिक. तुमच्या चालू टाकीच्या फिल्टरमधील जुना स्पंज नव्या सम्पमध्ये ठेवल्यास हा काळ बराच घटतो. त्यानंतरही सगळे मासे एकदम आणू नका, आणि प्रत्येक नवा गट आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे राहू द्या. दोन हजार लिटर पाण्यात औषध घालणे महाग तर पडतेच, शिवाय काही औषधे सम्पमधील जिवाणूही मारतात.

निळाकाठ

कॅटफिशचा विचार सोडला आहे. त्याला येथे आणणे त्याच्यावर अन्याय ठरेल हे पटले. माप ३०० × ९० × ७५ करतो. इंजिनिअरना भेटण्यापूर्वी मी कोणती माहिती तयार ठेवावी?

तुळई_आणि_स्तंभ

टाकी, स्टँड, सम्प, वाळू आणि दगड यांचे वेगवेगळे वजन, पाण्यासह व पाण्याविना. स्टँडच्या पायांची नेमकी जागा. आणि खोलीच्या आराखड्यावर टाकीचे स्थान, दोन्ही बाजूंच्या स्तंभांपासूनच्या अंतरांसह. मागे मोकळी जागा सोडायची असल्यामुळे टाकी भिंतीपासून पुढे सरकणार आहे, म्हणजे भिंतीखाली तुळई असली तरी भार तिच्या थेट वर राहणार नाही. ते अंतर आराखड्यात न विसरता दाखवा. सांडपाण्याच्या तोंडाची जागाही त्यांना आधीच सांगा, कारण त्यासाठी स्लॅबला भोक पाडताना मुख्य सळई कापली जाता कामा नये. त्यांचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत काचेची ऑर्डर देऊ नका.